मदत हवी आहे: एच१बी एक्स्टेन्शन पेंडिंग, लायसन्स संपलं, टेक्सासमध्ये पोलिसांनी गाडी थांबवली तर?

नमस्कार मंडळी, टेन्शनमध्ये लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. आम्ही मागच्या वर्षी न्यू जर्सीतल्या एडिसनहून डॅलसजवळ शिफ्ट झालो. नवऱ्याचं एच१बी (नोकरीचा व्हिसा) आणि माझं एच४ (त्याच्या बायकोचा व्हिसा) एक्स्टेन्शन वेळेत फाइल झालंय पण आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची, तारीख उलटून गेली. अर्ज पेंडिंग असताना त्याला २४० दिवस काम करता येतं ते माहितीये, कंपनीचा वकीलही तेच म्हणतो, पण इथे लायसन्सची मुदत आय-९४ लाच बांधलेली ना, दोघांचंही त्याच दिवशी संपलं. लायसन्सच्या ऑफिसात काउंटरवरच्या बाईने रिसीट नोटीस (एक्स्टेन्शनचा अर्ज मिळाल्याची पोच) उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली व्हेरिफाय व्हायला टाकलंय, पत्र येईल. आणि इथे तर गाडीशिवाय दूधही मिळत नाही!

न्यू जर्सीत २०१८ पासून अॅटर्नी जनरलचा आदेशच आहे त्यामुळे लोकल पोलीस सहसा इमिग्रेशनच्या भानगडीत पडत नाहीत. इथे उलटं, आता टेक्सासच्या एसबी ८ कायद्यामुळे जेल चालवणाऱ्या काउंटीच्या शेरीफला (काउंटीचा पोलीसप्रमुख) आइसबरोबर, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन पोलिसांबरोबर, २८७(जी) करार (लोकल पोलिसांनी इमिग्रेशनच्या कामात मदत करायचा) करावाच लागणार, १ डिसेंबर २०२६ पर्यंत. मग साधं सिग्नलवरून थांबवलं आणि त्या पोलिसाला रिसीट म्हणजे काय तेच कळलं नाही तर? गाडीत नेमके कुठले कागद ठेवायचे, ओरिजिनल पासपोर्ट घेऊन फिरायचं का? सासूबाई रोज फोनवर विचारतात, पकडत नाहीत ना गं तुम्हाला.

प्रतिसाद: मी वकील नाही, पण इथे बरीच वर्षं आहे. २८७(जी) चे प्रकार आहेत, जेलवाल्या प्रकारात चौकशी बुकिंग (अटकेनंतर जेलमध्ये नोंद) झाल्यावर होते, रस्त्यावर नाही. रस्त्यावर विचारायचे अधिकार टास्क फोर्सवाल्या प्रकारात, तो २०१२ मध्ये बंद केला होता, २०२५ मध्ये परत आणला. तुमच्या शेरीफने कुठला घेतलाय ते आइसच्या साइटवरच्या यादीत बघा. पण करार असो नसो, जेलमध्ये घेतलेले ठसे एफबीआयमार्फत होमलँड सिक्युरिटी खात्याकडे (आइस त्यातच येतं) जातातच, आणि आइसने डिटेनर (माणसाला रोखून ठेवायची विनंती) टाकला तर सुटायच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत अडकवून ठेवायला सांगतात. म्हणून जपायचं ते अटकेला. संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवूच नका, टेक्सासमध्ये सीटबेल्टसाठीही अटक होऊ शकते, २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानेच ते चालतं म्हटलंय. कागदांचं म्हणाल तर १८ वर्षांवरच्या परदेशी लोकांनी आपल्या इमिग्रेशन रजिस्ट्रेशनचा पुरावा (गाडीच्या नव्हे) जवळ बाळगायचा असा कायदाच आहे, आय-९४ ची प्रिंट आणि रिसीट नोटीस पर्समध्ये ठेवा. पासपोर्टची मी तरी कॉपीच ठेवते, हरवला तर वेगळाच व्याप. आणि एच१बी चं प्रीमियम (जादा फी भरून लवकर निकाल) का नाही करत? १५ वर्किंग डेजमध्ये काहीतरी उत्तर येतं, फाइल केल्यावरही अपग्रेड होतं.

धागाकर्ती: थँक्यू गं, यादी बघते. प्रीमियमचं एचआरला आत्ताच मेल टाकलं. त्याची फी आपण भरली तर चालते का, आणि त्यात माझं एच४ पण लगेच निघतं की ते मागे राहतं? कोणी हल्लीच केलं असेल तर प्लीज सांगा.