दिल्लीच्या वास्तूंना भुतं चिकटवणं थांबवा

वास्तुवेडा: काल इथे दिल्लीतल्या ‘झपाटलेल्या’ जागांची यादी आली. अग्रसेन की बावली या पायऱ्यांच्या विहिरीतलं काळं पाणी माणसाला ओढून घेतं, जमाली-कमालीच्या मशिदीत आणि कबरींपाशी जिन थोबाडीत मारतात, खूनी दरवाज्यातून पावसाळ्यात रक्त ठिबकतं. वाचून डोकं फिरलं. बावलीत मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा तळ कोरडा ठणठणीत. जमाली हा कवी. त्याच्या कबरीच्या दालनात त्याच्याच ओळी कोरल्यात, त्याबद्दल अवाक्षर नाही. आणि खूनी दरवाज्यापाशी हडसन या इंग्रज अधिकाऱ्याने 22 सप्टेंबर 1857 रोजी बहादूरशहा जफरच्या दोन मुलांना आणि एका नातवाला निःशस्त्र असताना गोळ्या घातल्या. एवढं पुरत नाही का?

मीनाक्षी: पुरत नाही, हो. माझा भाचा चौदा वर्षांचा. लाल किल्ल्यात जांभया देत होता. खूनी दरवाज्याचं नाव ऐकून त्यानेच विचारलं, “कुणाचं रक्त?” मग रिक्षात बसून सगळं 1857 सांगितलं. भूत नसतं तर तो प्रश्न आलाच नसता.

वास्तुवेडा: प्रश्न नावामुळे आला, भुतामुळे नाही.

दर्यागंजकर: त्या यादीत फिरोजशाह कोटलाही होता, स्टेडियम नव्हे, जुना किल्ला, त्यावर तुम्ही दोघंही गप्प. तिथे दर गुरुवारी लोक जिनांना अर्ज लिहितात. नाव, पत्ता, तक्रार, वर फोटो. एकाच अर्जाच्या झेरॉक्स काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवतात, सरकारी खात्यात देतात तशा. आणीबाणी संपल्यावर, 1977 पासून हे वाढलं. आणीबाणीत ज्यांची घरं पाडली गेली त्यांचं कोण ऐकत होतं?

तर्कनिष्ठ: म्हणजे अंधश्रद्धेला आता इतिहासाचं कारण! चौदाव्या शतकातल्या भिंती मेणबत्त्यांनी काळ्या करायच्या आणि त्याला परंपरा म्हणायचं. माझ्या काकांनी एका बाबापायी शेत घालवलं. सुरुवात अशाच एका चिठ्ठीने झाली होती.

दर्यागंजकर: तुमच्या काकांचा बाबा कोटल्यावर लादू नका! माझ्या घरमालकीणबाईंची पेन्शन तीन वर्षं अडली होती. सहा प्रती लिहिल्या त्यांनी, माझ्यासमोर, चष्मा पुसत पुसत. तिथे कुणी एक पैसा मागितला नाही.

तर्कनिष्ठ: मग सुटली पेन्शन?

दर्यागंजकर: सुटली, पण वकिलामुळे. तरी त्या गुरुवारी जायच्या. म्हणायच्या, तिथे कुणी ‘उद्या या’ म्हणत नाही.

तर्कनिष्ठ: बरं, चिठ्ठीने भिंत पडत नाही, एवढं मान्य. पण मेणबत्त्या आत नकोत. यावर मला कुणी समजवायला येऊ नका.

मीनाक्षी: मेणबत्त्यांचं मलाही पटतं. पण गोष्टी बंद करा हे नाही.

वास्तुवेडा: कोटल्याचं चुकलंच माझं, तिथली माणसं जिनांना घाबरत नाहीत, गाऱ्हाणं सांगतात. पण मालचा महाल? स्वतःला अवधच्या नवाबांची वारस म्हणवणाऱ्या बेगम विलायत महल 1985 पासून मुलगा आणि मुलीसह त्या पडक्या शिकारमहालात राहिल्या, वीज नाही, नळ नाही. 1993 मध्ये त्या गेल्या, 2017 मध्ये मुलगा तिथेच मेला. आणि 2023 मध्ये पर्यटन खात्याने तिथेच भुतांची सहल काढली. कालपरवापर्यंत त्या घरात माणूस राहत होता, मीनाक्षीताई. त्याचं भूत करून भाच्याला दाखवाल?

मीनाक्षी: नाही. तिथे नाही नेणार.