‘ट्रेड’ला वाडीवर काय म्हणायचं?

कळवेकर: शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीतल्या मुलामुलींना गवंडीकाम, सुतारकाम, वायरिंग शिकवायचंय. पत्रकात ‘ट्रेड’साठी ‘व्यवसाय प्रशिक्षण’ लिहिलं, तर एका मुलाचे वडील म्हणाले, “भांडवल कोण घालणार?” त्यांच्या लेखी व्यवसाय म्हणजे दुकान टाकणं. दुसरा शब्द सुचवा.

घोडबंदरची: ‘कसब’! हाताला कसब आहे, म्हणतोच की आपण.

ऐरोलीकर: तो अरबीतून आलेला. ‘हस्तकौशल्य’ लिहा.

घोडबंदरची: अरबीत कसब म्हणजे कमाईच! आणि हस्तकौशल्य म्हटलं की मुलं कागदाची फुलं करायला बसतील.

शहापूरवाला: आमच्याकडे पोरगा ‘मिस्त्रीच्या हाताखाली’ असतो. बिगारी घमेलं उचलतो, मिस्त्री ओळंबा धरतो. ‘मिस्त्री व्हा’ लिहा, लगेच कळेल.

ऐरोलीकर: ‘गवंडी’ असताना पोर्तुगीज ‘मिस्त्री’ कशाला?

शहापूरवाला: कारण मिस्त्री सुतारही असतो, दादा. गवंडी फक्त भिंत बांधतो.

घोडबंदरची: आणि मुलगी शिकली तर? ‘गवंडीण’ ऐकून लोकांना गवंड्याची बायकोच वाटणार.

ऐरोलीकर: डॉक्टरीणबाईंचंही आधी तसंच होतं. मुली भिंती बांधू लागल्या की अर्थ बदलेल.

शहापूरवाला: बदलायलाच हवा. पीएम-जनमन या केंद्राच्या आदिवासींसाठीच्या योजनेत कातकऱ्यांना घराला २ लाख मिळतात, आणि बांधणारा मिस्त्री बाहेरचा! वाडीतलीच पोरं शिकली तर मजुरी घरात राहील. नाहीतर दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा सुटते, पावसाळ्यापर्यंत भोंग्यात राहायचं.

कळवेकर: भोंग्यात?

शहापूरवाला: भट्टीवरची खोपटी. कच्च्या विटा रचायच्या, वर गवत. आत वाकून शिरावं लागतं. म्हणून तिथल्या पोरांच्या शाळेला भोंगाशाळा म्हणतात.

घोडबंदरची: मी इतकी वर्षं समजत होते, भोंगा वाजवून मुलं गोळा करतात! आमच्या वागळे इस्टेटला भोंगा म्हणजे कंपनीचा. दोन्ही शब्द एकच का?

ऐरोलीकर: पोकळ आकारावरून असेल. माझा अंदाज.

शहापूरवाला: मला नाही पटत. शिंगासारखा कुठे दिसतो तो?

कळवेकर: मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय. ‘मिस्त्रीकाम शिका’ लिहू का?

ऐरोलीकर: लिहा, पण ‘व्यवसाय’ खोडू नका. आयटीआयच्या अर्जावर मुलांना तोच शब्द भेटणार आहे.

घोडबंदरची: आणि ‘मुलींसाठीही’ ठळक अक्षरांत. ‘मिस्त्री’ वाचून एकही मुलगी यायची नाही.