मदत हवी आहे: खारेपाटात समुद्र वर आलाय की बांध फुटलाय, हे उपग्रहचित्रांवरून कसं ठरवायचं?

मंडळी, पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या काठाला आमची खारजमीन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती) आहे. जिथे भात व्हायचा तिथे आता तिवरांचं (खारफुटीचं) रान माजलंय. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो समुद्र वाढला. दुसरा म्हणतो, बांधाला खांड (भगदाड) गेली ती वेळेत बुजवली नाही, समुद्राच्या नावाने कशाला बोंबलता?

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये लँडसॅट उपग्रहांची जुनी आणि सेंटिनेल-2 उपग्रहांची 2015 नंतरची चित्रं उतरवली आहेत. पण एकाच हिवाळ्यातल्या दोन चित्रांत पाण्याची कड कुठच्या कुठे जाते. एकात चिखल उघडा, दुसऱ्यात पाणी थेट तिवरांत. मग 1990 ची कड आजच्या कडेवर ठेवून काय कळणार? ड्रोन उडवला तर फायदा होईल का?

प्रतिसाद
पाण्याची कड सोडा, तिवरांची धरा. पाण्याचीच हवी असेल तर पंचांग काढा. हे उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोळ्यांचा हिशेब. म्हणजे पुनवेच्या चित्रात उधाणाची (मोठी) भरती, अष्टमीच्या चित्रात भांगाची (कमी चढउताराची) ओहोटी. खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं, तेवढं धरून सारख्या तिथीचीच चित्रं जुळवा. उधाणाची पूर्ण ओहोटी मात्र या चित्रांत कधीच सापडायची नाही, ती पहाटे-संध्याकाळी असते.

समुद्राची पातळी वाढण्याची जागतिक सरासरी 1993 पासून वर्षाला 3 मिलिमीटरच्या थोडी वर आहे, म्हणजे तीस वर्षांत साधारण 10 सेंटिमीटर. लँडसॅटचा एक ठिपका 30 मीटरचा, त्यात ही उंची थेट दिसणार नाही. खांड मात्र लगेच ओळखू येते: तिवरं एका ठिकाणाहून आत पंख्यासारखी पसरतात. शेजारची बांध शाबूत असलेली खार तपासा. ती अजून भाताखाली असेल तर पहिला संशय बांधावर. अर्थात उधाण बांधावरून वारंवार येऊ लागलं की बांधही खचतो, तेव्हा दोन्ही तटांना थोडं थोडं मिळेल.

ड्रोनला दाट तिवरांखालची जमीन दिसत नाही. ड्रोनचा खर्च डीजीपीएसने (जास्त अचूक जीपीएसने) बांधाची उंची मोजण्यावर करा.

धागाकर्ता
पंचांगाचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! बांधाची उंची उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) काँक्रीटपासून धरली तर चालेल का? की तेही चिखलात खचत असेल?