डोळ्याच्या तपासणीनंतर आई पिवळी झालीय, घाबरायचं का?

राजवाडा_इंदूर
आईला १५ वर्षांपासून शुगर आहे, काल डोळ्यांची अँजिओग्राफी केली, हाताच्या शिरेतून पिवळं इंजेक्शन दिलं आणि धडाधड फोटो काढले, घरी येईपर्यंत चेहरा हात सगळं पिवळं आणि लघवी तर हायलायटर पेनसारखी. शेजारच्या काकू कावीळ म्हणून मोकळ्या झाल्या. हे रेडिओअ‍ॅक्टिव्ह वगैरे नसतं ना?

पोहे_जलेबी
आमच्या सासऱ्यांचं सेम झालेलं, दुसऱ्या दिवशी साफ. भरपूर पाणी पाजा. फक्त अंगावर पित्त उठलं किंवा श्वासाला त्रास वाटला तर मात्र लगेच डॉक्टरकडे न्या.

बडोदेकर_लॅबवाला
रेडिओअ‍ॅक्टिव्ह अजिबात नाही हो. हा फ्लुओरेसिन नावाचा डाय, बायर नावाच्या जर्मन केमिस्टने १८७१ मध्ये बनवला. गंमत रंगात नाहीये, निळा प्रकाश टाकला की तो शोषून घेतो आणि हिरवा परत फेकतो, मग कॅमेऱ्याला फिल्टर लावून निळा अडवायचा आणि फक्त हिरवा पकडायचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या शिरा काळ्यावर उजळून दिसतात. शुगरमुळे एखादी शीर झिरपत असेल तर तिथे हिरवा डाग पसरत जातो, डॉक्टर तेच शोधतात. डाय किडनीवाटे जातो म्हणून लघवी तशी.
अवांतर, १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी जमिनीत गडप होतं तिथे यातलाच १० किलो डाय ओतला होता, साधारण ६० तासांनी आख नदीच्या उगमाला पाणी हिरवंगार! ती आख पुढे ऱ्हाइनच्या खोऱ्यात जाते, म्हणजे डॅन्यूबचं पाणी चोरून ऱ्हाइनला जातंय हे असं पकडलं.

राजवाडा_इंदूर
वा, आईला वाचून दाखवलं, म्हणे माझी पण नदी केली का मेल्यांनी 😄 पोरगा दुकानातला नोटा तपासायचा लाईट घेऊन बाथरूमबाहेर उभा आहे, त्याला चमकतं का बघायचंय.

बडोदेकर_लॅबवाला
चमकेल की, पण आजीला सोडा, त्याला स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद घोळवून द्या, ती पण त्या लाईटखाली हिरवट पिवळी चमकते. पालकाचा स्पिरिटमधला अर्क तर लालभडक दिसतो.
आणि हो, दोन-चार दिवसांत आईंची रक्त-लघवी तपासणी असेल तर लॅबमध्ये हे इंजेक्शन झाल्याचं सांगा, काही मशीन अशाच चमकणाऱ्या डायवर चालतात, रिपोर्ट चुकू शकतो.

राजवाडा_इंदूर
अरे बरं सांगितलंत, उद्याच सकाळी थायरॉईडचं रक्त द्यायचं होतं. पुढच्या आठवड्यात नेतो.