ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम : डाउन-ट्यूनिंग नव्हे, ट्रेबल बूस्टर!

ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडच्या पहिल्या अल्बमचा जाडजूड आवाज डाउन-ट्यूनिंग (तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावणं) आणि हाय-गेन अ‍ॅम्पमुळे (आवाज मुद्दाम फाडणारा अ‍ॅम्प) आला, असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. 1970 च्या त्या अल्बमवर बँडचा गिटारवादक टोनी आयोमीची गिटार स्टँडर्ड ट्यूनिंगलाच आहे. तीन सेमीटोन (अर्धे सूर) खाली तो उतरला 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'वर.

आणि गेन? अ‍ॅम्प लेनी कंपनीचा 100 वॉटचा, मास्टर व्हॉल्यूम (गेन आणि एकूण आवाज वेगळे ठेवणारा नॉब) नसलेला. खरी करामत गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधल्या डॅलस रेंजमास्टरची. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा हा ट्रेबल बूस्टर (वरच्या पट्टीचा आवाज वाढवणारं यंत्र) अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवायची डबी होती, पेडल नव्हे. खालचा बास तो फारसा उचलत नाही, वरचा भागच जोरात ढकलतो. त्यामुळे अ‍ॅम्पच्या ट्यूब्सवर भरपूर जोर पडून आवाज फाटतो पण त्याचा चिखल होत नाही. शीर्षक गीतातला तिसरा सूर, तो सी शार्प, हेडफोनवर ऐका. ट्रिल करताना (दोन सूर झपाट्याने आलटून पालटून वाजवताना) बोटाची प्रत्येक आपट वेगळी कळते. आजच्या गेन दहावर ठेवलेल्या अ‍ॅम्पमधून ती कळणारच नाही.

गिटार पी-90 पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची कंपनं टिपणारा भाग) गिब्सन एसजी. (रेकॉर्डिंगच्या वेळी त्याच्या फेंडर स्ट्रॅट गिटारचा पिकअप बिघडला म्हणून ती हाती आली, केवढं आपलं भाग्य!) तारा मात्र पातळ, कारण कारखान्यातल्या अपघातात त्याच्या दोन बोटांची टोकं गेलेली.

घरी हा टोन काढायचा असेल तर आधी गेन आणि बास निम्म्यावर आणा, गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये बूस्टर लावा आणि उजवा हात जोरात चालवा.