ऊन बक्कळ, पण बॅटरीचं काय?

"खानदेशात ऊन बक्कळ, त्यामुळे मे महिन्यात पॅनल सगळ्यात जास्त देईल" असं या सोलरच्या चर्चेत एकानं लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे, भाऊ. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंशाला मोजलेले असतात. त्यापुढे दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट. रावेरकडे आमच्या मळ्यात मेच्या दुपारी पॅनल ६५-७० अंशांवर सहज जातं, म्हणजे पंधराएक टक्के तिथंच उडाले. पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वीतभर हवा खेळू द्या.

पण खरा मार बसतो बॅटरीला, त्याबद्दल इथे कुणी बोललंच नाही. माझी पहिली ट्युब्युलर (पाणी घालावं लागणारी बॅटरी) पत्र्याच्या शेडमध्ये होती. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी तिचा पाण्याची पातळी दाखवणारा लाल तरंगता दांडा खाली बसलेला, की आणा डिस्टिल्ड वॉटर. दुसऱ्याच उन्हाळ्यात दगावली. नवी जुन्या धाब्याच्या घरात ठेवली, मातीच्या जाड भिंती, वर मातीचं छत. खिडकी मात्र उघडीच ठेवतो, चार्जिंगला गॅस सुटतो. आता दीड-दीड महिना पाणी लागत नाही. वायर चाळीस फूट वाढली, बारा व्होल्टला तेवढ्यानंही व्होल्टेज कमी होतं, म्हणून जाड घ्यावी लागली. आणि आईच्या ज्वारीच्या कोठ्या हलवल्या, ते ऐकून घेतोय अजून.