छात्राध्यापकांचं गणित साहित्य म्हणजे नुसती हस्तकला?

सुटी_काडी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "छात्राध्यापक गणिताच्या नावाखाली पुठ्ठे कापतात, मुलं खेळतात, शिकत कुणीच नाही, त्यापेक्षा पाढे घोकून घ्या." तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. शिक्षक होण्यासाठीचे माझे सराव पाठ चालू आहेत, दुसरीचा वर्ग. 32 वजा 17. दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे, दोन सुट्या. एका मुलाने 2 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 मधूनच 2 वजा केले आणि 25 सांगून मोकळा झाला. म्हटलं, मला 17 काड्या दे बरं. तर गठ्ठ्याचं रबर काढायलाच तयार नाही, "सोडला तर तो दहा राहणार नाही ना!" बराच वेळ हातात धरून बसला, मग स्वतःच रबर काढलं, मोजल्या, बारा सुट्या झाल्या, त्यातल्या सात दिल्या, एक गठ्ठा दिला, उरल्या 15. पाढ्यांतून हे कसं कळणार सांगा.

फळा_खडू: ते लिहिणारा मीच. बावीस वर्षं शिकवतोय, सराव पाठ तपासतोही. एकीने अपूर्णांकासाठी चकत्या आणल्या, रंग सुरेख, पण प्रत्येक चकतीचा आकार वेगळा. मुलांनी मोठ्या चकतीचा पाव लहानीच्या अर्ध्यावर ठेवला आणि पाव मोठा म्हणाली. बाईंना कळलंच नाही, गुण मात्र सजावटीवर पूर्ण. असलं साहित्य नसलेलं बरं.

दशक_दांडी: मग दोष गुण देणाऱ्यांचा, साहित्याचा कसा? मानसशास्त्रज्ञ ब्रूनरने 1966 मध्येच मांडलंय, आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. आपले बहुतेक पाठ कृतीवर संपतात, काड्या पिशवीत गेल्या की वही कोरीच.

आई_दुसरीची: मला विचाराल तर खरी अडचण आकड्यांच्या नावांची आहे. माझी लेक पंचवीस ऐकते नि 52 लिहिते, कारण पाच आधी ऐकू येतो. एकोणतीसमध्ये तर नऊ नाहीच, तीसला एक कमी! बालभारतीने 2019 मध्ये वीस एक, वीस दोन आणलं तेव्हा सगळे तुटून पडले, पण मला ते पटलं होतं.

फळा_खडू: अजिबात नाही. भाषा मोडून गणित सोपं होत नाही. जर्मन मुलंही एक-आणि-वीसच म्हणतात, अडतं का त्यांचं?

आई_दुसरीची: त्यांचीही आकडे लिहिताना अशीच उलटापालट होते! आणि भाषा मोडून काय, रोज रात्री रडणारं पोर तुमच्या घरी नाहीये, म्हणून बोलता.

फळा_खडू: घरावर जाऊ नका. मी दोन मुलं वाढवलीत, दोघांनी एकोणतीसच म्हटलं.

दशक_दांडी: दोघेही जरा थांबा. नावं न बदलताही जमतं. 20 लिहिलेली लांब पट्टी, 5 लिहिलेली आखूड, आखूड पट्टी 20 च्या शून्यावर ठेवायची, 25 दिसतात. "पंच" म्हणताना पाचाच्या पट्टीवर बोट, "वीस" म्हणताना विसाच्या. बोट उजवीकडून डावीकडे गेलं हे पोराला आपोआप जाणवतं.

आई_दुसरीची: हे आजच करून बघते. नावांबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

फळा_खडू: पट्ट्या ठीक. सुटी_काडी, एवढंच सांगा, त्या मुलाला काड्यांशिवाय वहीत जमलं का?

सुटी_काडी: पाच गणितं दिली, तीन बरोबर. दोनमध्ये परत मोठ्यातून लहान. खोटं कशाला सांगू. उद्या रबर सोडलं की लगेच तिथेच वहीत 3 खोडून 2 करायचे, वर 12 लिहायचे, असं जोडीने घेणार आहे.

फळा_खडू: असं असेल तर काड्यांना माझी हरकत नाही. पाढे सोडू नका पण. आणि चकत्या केल्यात तर सगळ्या एकाच वाटीभोवती आखून कापा.